गाव एवढंसं, भाडं एवढं! तरी पिपरी मेघे चालतंय कसं?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

मेसच्या रांगेत उभे राहून ऐकत असाल तर निवांत ऐका. रांग लांब आहे आणि एपिसोडही काही छोटा नाही.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या खिशाशी संबंधित आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आर्वी नाक्यावर, पिपरी मेघेत, सावंगीत एक दृश्य हमखास दिसतं. एक मुलगा किंवा मुलगी, सोबत वडील किंवा मामा, हातात कागदपत्रांची पिशवी, आणि गेटवर लावलेली ‘रूम भाड्याने देणे आहे’ची पाटी. आत जातात, रूम पाहतात, भाडं ऐकतात. बाहेर आल्यावर वडील हमखास म्हणतात, "काहून बाप्पा, गाव एवढंसं अन् भाडं एवढं?"

बरोबर प्रश्न आहे. पिपरी मेघे म्हणजे काही पुणे नाही. इथे मेट्रो नाही, मॉल नाही, आयटी पार्क नाही. मग भाडं एवढं का? आणि दुसरं म्हणजे, एवढं महाग असूनही गाव ओस का पडत नाही? उलट दरवर्षी दोन नवी लेआउट पडतात, चार नव्या मेस उघडतात. आज हे दोन्ही प्रश्न एकत्र घेऊ. आणि शेवटी तिसराही घेऊ, जो कुणी फारसा विचारत नाही: हे गाव चालतंय ते नेमकं कुणाच्या पैशावर?

आधी डोंगरावर जाऊ

आधी एक सोपं उदाहरण बघू, म्हणजे आपलं अवघड उदाहरण समजेल. सातारा जिल्ह्यातलं पाचगणी. उंची साधारण १,३०० मीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पंधरा हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढं. पण निवासी शाळांसाठी देशभर नाव. इंग्रजांच्या काळात, १८६० च्या दशकात, जॉन चेसन नावाच्या माणसाने ते थंड हवेचं ठिकाण म्हणून वसवायला सुरुवात केली. मग शाळा आल्या. किमिन्स हायस्कूल १८९८ चं, संजीवन विद्यालय १९२२ चं. ‘क्वीन’ बँडचा फ्रेडी मर्क्युरी लहानपणी इथल्याच सेंट पीटर्स शाळेत शिकला. त्याची गाणी तुमच्या प्लेलिस्टमध्ये असतीलच.

आता पाचगणी महाग का, याचं उत्तर फार सोपं आहे. जागा नाही. एका बाजूला टेबललँड, दुसऱ्या बाजूला कृष्णेच्या खोऱ्याचा उतार. त्यात २००१ मध्ये केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. म्हणजे मनात येईल तिथे बांधकाम करता येत नाही. येणारे लोक वाढतात, जागा तेवढीच राहते, मग किंमत वर जाते.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात बोल्डर नावाचं गाव आहे. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी वसलेलं आणि १८७६ साली स्थापन झालेल्या विद्यापीठामुळे वाढलेलं. तिथल्या लोकांनी १९५९ मध्ये मतदान करून ठरवलं की डोंगराच्या एका ठरावीक उंचीच्या वर पालिकेचं पाणी न्यायचंच नाही. पाणी नाही म्हटल्यावर वर घरं नाहीत. १९६७ मध्ये गावाभोवतीची मोकळी जमीन विकत घेऊन राखण्यासाठी त्यांनी स्वतःवर जास्तीचा विक्री कर लावून घेतला. डोंगर वाचला, देखावा सुंदर राहिला आणि घरं भयंकर महाग झाली. तरी लोक जातातच, कारण विद्यापीठ तिथे आहे.

म्हणजे डोंगरावरच्या शिक्षणाच्या गावाचं गणित असं: जागा कमी, येणारे जास्त, म्हणून महाग. आणि संस्था जागची हलत नाही, म्हणून गाव चालतं.

पण आपण तर सपाटीवर आहोत

आता हे गणित पिपरी मेघेला लावून बघा. लागतच नाही. आपल्याकडे डोंगर म्हणावं असं काय आहे? हिंदी विद्यापीठाच्या टेकड्या. संसदेच्या १९९६ च्या कायद्याने आलेलं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय, पाच टेकड्यांवर पसरलेलं. तेवढ्या टेकड्या सोडल्या तर सगळी काळी जमीन, सपाट, चारी बाजूंनी मोकळी. कापूस, सोयाबीन, तूर. शेत एन. ए. करा, लेआउट पाडा, प्लॉट विका. अडवायला डोंगरही नाही आणि दरीही नाही.

मग महाग का?

यासाठी वर्ध्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. मध्ये वर्धा शहर, म्हणजे नगरपालिकेची हद्द. तिला चिकटून गोल रिंगण: पिपरी मेघे, सिंदी मेघे, सावंगी मेघे, बोरगाव मेघे, नालवाडी. २००१ च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या एक लाख अकरा हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती एक लाख सहा हजारांच्या आसपास आली. हो, शहर कमी झालं! आणि संपूर्ण वर्धा जिल्हा त्या दहा वर्षांत वाढला जेमतेम पाच टक्के. मग गर्दी वाढल्यासारखी का वाटते? कारण वाढ सरकली रिंगणात. ही गावं इतकी वाढली की जनगणनेने त्यांना ‘जनगणना शहर’ म्हणून मोजलं, पण कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि या रिंगणात संस्था बघा. पूर्वेला सेवाग्राम: महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, १९६९ ची, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षातली, डॉ. सुशीला नायर यांनी उभी केलेली. शिवाय तिथलंच बापुराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय. दुसऱ्या बाजूला सावंगी: १९९० पासूनचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं मोठं रुग्णालय. एका छोट्या जिल्ह्याच्या गावाभोवती दोन-दोन मेडिकल कॉलेज! आणि आपल्या पिपरीत, आर्वी रोडला, शिक्षा मंडळाच्या संस्था: आचार्य श्रीमन्नारायण पॉलिटेक्निक, रामकृष्ण बजाज कृषी महाविद्यालय, आणि २०१७ मध्ये सुरू झालेलं बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. शिक्षा मंडळ ही संस्था १९१४ पासूनची. म्हणजे वर्ध्याचं शिक्षणाशी नातं काल-परवाचं नाही.

आता यातला प्रत्येक विद्यार्थी राहायला कुठे जातो? मोकळी जमीन दहा किलोमीटरवर भरपूर आहे, पण त्याला ती नको असते. त्याला कॉलेजपासून पायी पंधरा मिनिटांत पोहोचता येईल अशी रूम हवी असते, कारण गाडी नाही, आणि रात्री आठनंतर ऑटो मिळेलच याची खात्री नाही. मुलगी असेल तर आईवडिलांची अजून एक अट: घरमालक त्याच घरात राहणारे हवेत, रस्त्यावर दिवे हवेत, लायब्ररीतून येताना सुनसान पट्टा नको. झालं! शंभर रूममधल्या वीसच उरल्या.

म्हणजे आपला डोंगर हा आहे. मातीचा नाही, अंतराचा. ‘पायी पंधरा मिनिटं’ या वर्तुळाबाहेरची जमीन असून नसल्यासारखी. एक साधी बस सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर वीस मिनिटांनी या रिंगणात फिरली असती, तर हा डोंगर निम्मा सपाट झाला असता.

भाडं माणसांवर ठरतं

दुसरं कारण अजून गमतीचं आहे. कागद-पेन घ्या, नाहीतर मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा.

समजा, दोन खोल्या, किचन आणि संडास-बाथरूम असा वरचा मजला आहे. एक कुटुंब येतं. नवरा दुकानात कामाला, बायको घरी, दोन लेकरं. ते म्हणतात, आम्ही महिन्याला पाच हजार देऊ शकतो. त्यांच्या एका पगारातून तेवढंच निघतं. मग तीन विद्यार्थी येतात. प्रत्येक जण म्हणतो, मी अडीच हजार देईन. एकूण साडेसात हजार. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, तुमच्या गल्लीत वेगळे असतील. पण हिशेब हाच.

त्या तीन मुलांपैकी कुणीही श्रीमंत नाही. कदाचित तिघांच्याही घरी त्या कुटुंबापेक्षा कमी पैसा असेल. पण एका मजल्यासाठी तीन घरांचा पैसा एकत्र आला, आणि समोर एकाच घराचा पैसा. घरमालक कुणाला देणार?

म्हणून कॉलेजच्या गावात भाडं स्थानिक पगारावर ठरत नाही, ते डोक्यांवर ठरतं. आणि म्हणूनच पिपरीत राहणारी हॉस्पिटलची आया, सिक्युरिटी गार्ड, मेसमध्ये पोळ्या लाटणारी बाई ही माणसं हळूहळू अजून बाहेर, अजून लांब सरकतात. गाव ज्यांच्या हातांवर चालतं, त्यांनाच गावात राहणं परवडत नाही. हे बोल्डरमध्ये झालं, पाचगणीत झालं, आणि आपल्याकडेही होतंय.

मग गाव चालतं कसं?

आता मुख्य प्रश्न. महाग आहे, तरी भरभराट का?

वर्धा जिल्ह्याची शेती बघा. बहुतेक कोरडवाहू. पाऊस आला तर ठीक, नाही आला तर गेलं. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांचं विशेष पॅकेज जाहीर केलं, त्यात वर्धा होता. म्हणजे आजूबाजूला ज्या पैशाचा भरवसा नाही, असा पैसा.

आणि मध्येच या रिंगणात एक वेगळाच पैसा फिरतो. दर महिन्याच्या एक ते दहा तारखेत येणारा. प्राध्यापकांचे पगार, डॉक्टर-नर्सेसचे पगार, केंद्रीय विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांचे पगार, आणि हजारो घरांतून यूपीआयने येणारे तीन-चार हजार. पाऊस पडो न पडो, कापसाला भाव मिळो न मिळो, हा पैसा येतोच. त्याच्यावर झेरॉक्सवाला चालतो, तर्री-पोह्याची गाडी चालते, डबेवाली मावशी चालते, पंक्चरवाला चालतो, ऑनलाइन फॉर्म भरून देणारा चालतो. हॉस्पिटलमुळे तर अजून एक गिऱ्हाईक: रुग्णाचे नातेवाईक. यवतमाळहून, चंद्रपूरहून, पार तेलंगणातून आलेले. त्यांना चार दिवस राहायला जागा हवी, जेवण हवं, औषध हवं.

दुसरं कारण: हे गिऱ्हाईक कधी म्हातारं होत नाही. एखाद्या कारखान्याच्या गावात कामगार साठीचे होतात, कारखाना बंद पडतो, गाव संपतं. कॉलेजच्या गावात दरवर्षी नवी बॅच येते. जुनी पुण्याला, हैदराबादला, बंगलोरला जाते, पण तिच्या रिकाम्या रूममध्ये अठरा वर्षांचा नवीन मुलगा बादली आणि गादी घेऊन हजर.

आणि तिसरं: कॉलेज उचलून दुसरीकडे नेता येत नाही. कंपनी नेता येते, ऑफिस नेता येतं. पण पाचशे खाटांचं हॉस्पिटल, प्रयोगशाळा, शेतीची प्रक्षेत्रं हे सगळं जिथे उभं आहे तिथेच राहतं. म्हणून इथे घर बांधणाऱ्याला धीर असतो. कर्ज काढून वरचा मजला चढवतो, कारण त्याला माहीत आहे, पुढच्या जुलैत पोरं येणारच.

हा धीर एकदाच डळमळला. मार्च २०२०. लॉकडाऊन लागलं, हॉस्टेलं रिकामी झाली, पोरं घरी गेली. मेस बंद, झेरॉक्स बंद, रूम बंद. काही मुलांचं सामान वर्ष-वर्ष कुलपात पडून होतं. तेव्हा सगळ्यांना कळलं की या गावाचा कारखाना म्हणजे तुम्ही आहात. मालही तुम्ही आणि गिऱ्हाईकही तुम्हीच.

पैसा येतो कुठून?

आता तो तिसरा प्रश्न. आपण म्हणतो, बाहेरून पैसा येतो. बाहेरून म्हणजे कुठून?

थोडा मुंबई-पुण्याहून, थोडा परराज्यांतून. पण बराचसा देवळी, आर्वी, कारंजा, हिंगणघाट, राळेगाव, कळंब, धामणगाव इथून. म्हणजे परत त्याच काळ्या मातीतून! ज्या कापसाच्या पैशाचा भरवसा नाही असं मी आत्ता म्हटलं, तोच कापूस तुमच्या रूमचं भाडं भरतो. गावाला जो पैसा पक्का वाटतो, तो तुमच्या घरून निघताना मुळीच पक्का नसतो. त्याला पक्का करण्याचं काम तुमचे आईवडील करतात. कधी उसनवार करून, कधी बचत गटातून उचलून, कधी दागिना गहाण ठेवून. पावसाची अनिश्चितता ते स्वतः झेलतात आणि इकडे एक तारखेला पैसे पाठवतात. पिपरीची भरभराट या झेलण्यावर उभी आहे.

आणि यात एक गोष्ट अशी आहे की जी बदलता येते. कॅलेंडर.

कापूस पेरतात जूनमध्ये. बियाणं, खत, फवारणी, निंदण, सगळा खर्च जून ते सप्टेंबर. सोयाबीन निघतं दसरा-दिवाळीच्या सुमाराला. कापसाची वेचणीही तेव्हाच सुरू होते. सीतादही झालं की पहिली वेचणी. म्हणजे हातात पैसा दिसतो दिवाळीपासून पुढे. आणि ॲडमिशन कधी असतात? जुलै ते सप्टेंबर. पोळ्याच्या आसपास, जेव्हा शेतकऱ्याचा खिसा वर्षात सगळ्यात रिकामा असतो, नेमकं तेव्हाच डिपॉझिट, एका महिन्याचं आगाऊ भाडं, मेसचा ॲडव्हान्स, गादी, बादली, टेबल, पुस्तकं. सगळं एकदम. वर्षभराचा खर्च कदाचित झेपला असता, पण तो पहिला महिना झेपत नाही. कित्येक पोरांचं, विशेषतः पोरींचं, शिक्षण तिथे अडतं. किंवा मग रोज पन्नास-साठ किलोमीटर एसटीने अप-डाउन, सकाळी सहाला घर सोडायचं, रात्री आठला पोचायचं. अभ्यास कधी करणार?

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतला: व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के माफी. फार मोठी गोष्ट आहे. पण फी माफ झाली तरी रूम माफ होत नाही. फी शून्य झाल्यावर कळतं की आता खरी फी म्हणजे भाडं आहे.

भाड्यासाठीही योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. ऐकणाऱ्यांपैकी ज्यांनी अजून अर्ज केला नाही, त्यांनी हा एपिसोड संपल्यावर आधी ते बघा. पण यातला पैसा पहिल्या दिवशी हातात पडत नाही. आधी ॲडमिशन, मग अर्ज, मग पडताळणी, मग खात्यात. डिपॉझिट मात्र आजच हवं असतं.

वर्ध्याला हा प्रश्न जुनाच आहे

शिक्षणाचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न वर्ध्यात आज आलेला नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथेच देशभरातले शिक्षणतज्ज्ञ जमले होते. गांधीजींनी मांडणी केली की मुलांनी हाताने काम करत शिकावं आणि त्या कामाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च निघावा. तीच नई तालीम. त्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली. ती कल्पना पूर्णपणे चालली नाही, आणि वाद तर तेव्हाही झाले. पण त्यामागचा विचार बघा: शिक्षण हे गरीब घरावरचं ओझं होऊ नये. आज त्याच वर्ध्यात उलटं झालंय. विद्यार्थ्याच्या कामावर शाळा चालण्याऐवजी विद्यार्थ्याच्या खर्चावर गाव चालतं.

यात घरमालकांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही. पिपरीतले कितीतरी घरमालक म्हणजे निवृत्त मास्तर, एसटीतले कंडक्टर, शेती विकून प्लॉट घेतलेली माणसं. वरच्या दोन खोल्यांचं भाडं हीच त्यांची पेन्शन. आणि ग्रामपंचायतीचंही ऐका. आठवतं, मघाशी म्हटलं होतं की शहर झालं तरी कारभार ग्रामपंचायतीचा? एवढ्या माणसांची नाली, कचरा, पाणी, रस्त्यावरचे दिवे, हे सगळं गावाच्या कुवतीत बसवायचं. विद्यार्थी चार वर्षं राहतो, पाणी वापरतो, कचरा टाकतो, पण त्याचं नाव मतदार यादीत नसतं. मग सरपंच त्याचं का ऐकेल?

गाव आणि विद्यार्थी यांचं हे नातं जगभर असंच ताणलेलं असतं. ऑक्सफर्डमध्ये १० फेब्रुवारी १३५५ ला काही विद्यार्थ्यांनी दारूच्या गुत्त्यावर ‘वाइन भिकार आहे’ म्हणून भांडण काढलं. त्याची दंगल झाली, दोन-तीन दिवस चालली, कित्येक माणसं मेली. राजाने गावालाच दोषी धरलं आणि दंड लावला. तो दंड गावाला १८२५ पर्यंत दरवर्षी भरावा लागला! आपल्याकडे दारूबंदी आहे, त्यामुळे वाइनवरून तरी भांडण होणार नाही. आपलं भांडण पाण्याच्या टाकीवरून आणि रात्री अकराच्या गेटवरून.

मग करायचं काय?

मोठी कामं सरकारची आणि कॉलेजांची: हॉस्टेलं वाढवणं, बस सुरू करणं, भत्ता वेळेवर देणं. ते होईल तेव्हा होईल. पण तीन गोष्टी अशा आहेत की ज्या याच वर्षी होऊ शकतात.

पहिली, डिपॉझिट दोन हप्त्यांत. अर्धं रूम घेताना, अर्धं दिवाळीनंतर. घरमालकाचं एका रुपयाचं नुकसान नाही. कारण तो मुलगा किमान एक वर्ष राहणारच आहे. पण घरी बसलेल्या बापाला सावकाराकडे जावं लागत नाही. घरमालक काका-काकू, तुम्ही ऐकत असाल तर ही विनंती तुम्हाला. तुमच्यापैकी अनेक जण शेतकऱ्याच्याच घरातले आहात. वेचणी कधी येते हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी, सगळं लेखी ठेवा. भाडं किती, डिपॉझिट किती, सुट्टीच्या दोन महिन्यांचं काय, डिपॉझिट कधी परत. साधा करार आणि दर महिन्याची पावती. यामुळे भांडण टळतं, आणि निर्वाह भत्त्याच्या योजनांना बाहेर भाड्याने राहत असल्याचा पुरावाही लागतो. ‘कागद नको, विश्वास ठेवा’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे म्हणा, विश्वास आहेच काका, कागद फक्त ऑफिससाठी.

तिसरी, मतदार नोंदणी. निवडणूक आयोगाच्या नियमांप्रमाणे हॉस्टेलमध्ये किंवा रूम करून राहणारा विद्यार्थी एकतर आपल्या घरच्या पत्त्यावर नाव ठेवू शकतो, नाहीतर शिकतो तिथे नोंदवू शकतो. दोन्हीकडे नाही, एकाच ठिकाणी. घरचं मत सोडा असं मी म्हणत नाही, तो तुमचा निर्णय. पण पिपरीत चार-पाच वर्षं काढणार असाल तर विचार करा. यादीत पाचशे विद्यार्थी दिसले की रस्त्यावरचा दिवा आपोआप लागतो.

सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजची एक पद्धत मला आवडते. तिथे प्रत्येक नवी बॅच एक गाव दत्तक घेते, पहिल्याच वर्षी त्या गावात जाऊन राहते, घराघरांत फिरते आणि पुढेही जात राहते. म्हणजे डॉक्टर होण्याआधी त्या मुलांना कळतं की आपण कुणाच्या अंगणात शिकतोय. इंजिनिअरिंगच्या, शेतीच्या, पॉलिटेक्निकच्या मुलांनी पिपरीसाठी असंच काही का करू नये? रूम आणि बसच्या वेळांचा एक साधा नकाशा करा. कोणत्या गल्लीत दिवे नाहीत, कुठे पाणी दोन दिवसांआड येतं, कोणती रूम किती भाड्याची. पुढच्या जुलैत येणाऱ्या पोरीला तो फोनवर मिळाला, तर तिच्या वडिलांची एक चक्कर आणि एका दिवसाची मजुरी वाचेल.

शेवटी एवढंच. पिपरी मेघे महाग असूनही चालतं, कारण शेकडो खेड्यांतली घरं महिन्याच्या महिन्याला इकडे पैसे पाठवतात आणि त्यांना वाटतं की लेकरू शिकलं तर हे फिटेल. तुमचा मुक्काम इथे चार वर्षांचा असेल, पण त्या पैशाचा प्रवास त्याहून खूप लांबचा आहे. दिवाळीत घरी जाल तेव्हा गोरसपाक घेऊन जाच, पण सोबत हा हिशेबही घेऊन जा. वडिलांना विचारा, ऑगस्टमध्ये डिपॉझिटचे पैसे कुठून आणले होते? बहुतेकांना याचं उत्तर माहीत नसतं.

आणि जे उत्तर मिळेल ते मला व्हॉइस नोटने पाठवा. नाव सांगायची गरज नाही, फक्त गाव आणि कोर्स सांगा. तुमच्या घरमालकांनी हप्त्यांत डिपॉझिट घेतलं असेल तर तेही सांगा. चांगल्या माणसांची गोष्टही बाहेर यायला हवी. पुढच्या भागात त्यातल्या काही नोट्स ऐकवेन.

काळजी घ्या, वेळेवर जेवा, आणि मेसचं बिल थकवू नका. मावशीच्या घरीही महिन्याची एक तारीख असते. भेटू पुढच्या आठवड्यात!